पदकावरील मुख आणि नाम

आमच्या शाळेस अर्धशतक पूर्ण होत असताना काही जुन्या विद्यार्थ्यांनी एक लहानशी ठेव शाळेच्या हवाली केली आणि तिच्या व्याजातून दरवर्षी इतिहास विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास एखाद्या राष्ट्रपुरुषाच्या स्मरणार्थ पदक द्यावे, अशी इच्छा प्रकट केली. बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मराठी शाळा चालविणे म्हणजे काय, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. त्यामुळे अशी देणगी मिळाली, याचा आम्हांस आनंदच झाला. परंतु पदक कशाचे असावे आणि त्यावर कोणाचे मुख असावे, हे ठरविण्यासाठी जी बैठक भरली ती तीन तास चालूनही निकालास आली नाही. एका सभासदांनी शिवछत्रपतींचे नाव सुचविले, दुसऱ्यांनी महात्मा बसवेश्वरांचे, तिसऱ्यांनी स्वामी रामानंद तीर्थांचे. पदक ब्राँझचे करावे असे आम्ही म्हणताच एका पालकांनी, "पहिल्या क्रमांकाच्या मुलास तिसऱ्या क्रमांकाचा धातू का?" असा प्रश्न केला. प्रश्न साधे होते, पण त्यांची उत्तरे शोधताना आम्हांस आमच्याच प्रदेशाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडीत आहो.

प्रथम धातूविषयी. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. ज्या काशाच्या वाटीने आपल्या घरी तळपाय चोळीत, ते कांसे याच कुळातले. त्यात कथिलाचे प्रमाण मात्र पुष्कळ अधिक असते. नाण्यांच्या ब्राँझमध्ये शंभर भागांत सुमारे पंच्याण्णव भाग तांबेच असते. हिंदुस्थानात सरकारी पैसा तांब्याऐवजी ब्राँझचा होऊ लागला तो १९०६ सालापासून. सोने-रुपे-कांसे ही उतरंड खेळांच्या शर्यतींनी आपल्या मनावर ठसविली आहे. पण तेथेही कांशाचा मान लहान नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते कांशाचेच होते. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीरचक्र, जे रणांगणावरील पराक्रमाचा आपल्या देशातील सर्वोच्च सन्मान होय, तेही ब्राँझचेच आहे. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी सिद्ध केली. जन्माने युरोपीय असलेल्या या विदुषी एका मराठी सेनाधिकाऱ्याच्या पत्नी होत. भारतरत्नाचे पिंपळपानही ब्राँझचेच. ब्राँझ निवडण्याचे कारणही उघड आहे. सोन्याचे पदक अडचणीच्या दिवशी सराफाच्या मुशीत जाते; कांशाचे पदक कोणी वितळवीत नाही. मान आणि मोल यांत ज्यास मानच द्यावयाचा आहे, त्याने कांसे घ्यावे, हेच शहाणपणाचे.

धातू वितळण्याचा हा धोका आमच्या प्रदेशाने फार पूर्वी पाहिला आहे. गुलबर्ग्याच्या बहमनी गादीवर पहिला मुहंमदशहा (१३५८–१३७५) असताना, त्याची नवी सोन्या-रुप्याची नाणी स्थानिक सराफ वितळवून टाकीत आणि विजयनगरचे होन चालवीत, अशी हकीकत फेरिश्त्याने दिली आहे. सुलतानाने त्या सराफांस देहान्त शिक्षा दिली, असेही तो लिहितो. नाणे ही केवळ विनिमयाची वस्तू नसून ते नाव धातूवर उमटविणाऱ्याच्या सत्तेचे प्रतीक असते, ही गोष्ट सुलतान आणि सराफ दोघेही पुरेपूर जाणून होते, हा या हकीकतीचा अर्थ.

येथे नाणे आणि पदक यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. नाण्यास किंमत असते आणि ते हातोहात फिरते. पदकास बाजारात किंमत नसते, त्याचे काम स्मरण देण्याचे. व्यक्तीचे मुख एका बाजूस आणि तिच्या चरित्रातील प्रसंग वा चिन्ह दुसऱ्या बाजूस, अशा स्मारक-पदकाची प्रथा युरोपात पंधराव्या शतकात सुरू झाली. पिसानेल्लो नावाच्या इटालियन चित्रकाराने १४३८ च्या सुमारास बायझंटाईन सम्राट आठवा जॉन याचे पदक घडविले, तेथून या कलेचा आरंभ मानतात. ही प्रारंभीची पदके ठशाने छापलेली नव्हती. मेणाचा नमुना करून त्यावरून ती ओतली जात.

मेणाच्या नमुन्यावरून धातू ओतण्याची ही कृती आमच्या प्रदेशास मात्र त्यापूर्वी तीनशे वर्षे लिखित स्वरूपात ठाऊक होती. आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातील मराठी गीतांमुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो परिचित आहेच. त्याच ग्रंथात धातुमूर्ती ओतण्याचा विधी सविस्तर दिला आहे. मेणाची प्रतिमा करावी, तीवर मातीचे एकावर एक लेप द्यावेत, ते वाळल्यावर तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतावा. मेण आधी तोलून ठेवावे आणि त्याच्या ठरावीक पटीने धातू घ्यावा; रुपे असल्यास बारा पट, सोने असल्यास सोळा पट, असा हिशेबही ग्रंथकाराने सांगितला आहे. म्हणजे साधन होते, कसब होते. परंतु त्या कसबाचा उपयोग देवाच्या मूर्तीसाठी होई. माणसाचे मुख धातूत ओतून त्याचे स्मारक करावे, असे कल्याणच्या राजांस वाटले नाही. माणसाचे स्मरण ते शिलालेखात आणि ताम्रपटात करीत. तेथे नाव असे, वंश असे, दान असे, मुख नसे.

मग दख्खनेत माणसाचे मुख धातूवर कधी आलेच नव्हते काय? आले होते, आणि फार पूर्वी. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक रुप्याच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप नहपानाची; त्यांवर नहपानाचे मुख आहे. पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. जित राजाचे मुख जेत्याच्या ठशाखाली कसे दबते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही. पुढे सातवाहनांनी स्वतःची मुखे असलेली रुप्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस प्राकृत लेख आहे आणि दुसऱ्या बाजूस द्राविड वळणाच्या भाषेतील लेख. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस हे नाणे विशेष आपलेसे वाटावे, हे स्वाभाविक आहे. दोन भाषा बोलणारी प्रजा एकाच मुखाखाली नांदते, हे सांगावयास त्या राजांस दोन्ही भाषा वापरण्यात कमीपणा वाटला नाही.

मुख आणि नाम यांच्या संबंधाचे सर्वांत मोलाचे साक्ष्य मात्र कलबुर्गी जिल्ह्यातच, भीमेच्या काठी सापडले. चितापूर तालुक्यातील सन्नती हे अनेक मराठी घराण्यांच्या कुलदेवतेचे, चंद्रला परमेश्वरीचे स्थान. १९८६ साली तेथील देवळाच्या आवारातील कालिकेच्या मंदिराचे छत कोसळले आणि देवीच्या मूर्तीच्या बैठकीच्या शिळेवर अशोकाचे आदेशलेख आढळले. पुढे १९९४ पासून जवळच्या कनगनहळ्ळी येथे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तेथील स्तूपाच्या कोरीव शिळांत एका राजाची राणीसह आकृती मिळाली आणि तिच्यालगत ब्राह्मी लिपीत 'राया असोको' ही अक्षरे आढळली. सातवाहन राजांच्याही आकृती तेथे नावांसह कोरलेल्या आहेत. अशोकाचे नाव सोबत असलेले शिल्पचित्र म्हणून या शिळेची जगभर ख्याती झाली.

आम्ही विद्यार्थ्यांसह ते स्थळ पाहावयास गेलो असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, अशोक खरोखर असाच दिसत होता का?" प्रश्न मार्मिक होता. ही शिळा अशोकानंतर कित्येक पिढ्यांनी कोरलेली आहे. शिल्पकाराने अशोकास पाहिलेले असणे शक्यच नाही. ते मुख कल्पनेतले आहे. ती अक्षरे नसती, तर ती आकृती कोणा एका राजाची आकृती म्हणूनच राहिली असती. मुख कल्पित असले तरी नाम खरे आहे, आणि त्या नामानेच त्या मुखास अर्थ आला. आज आपल्या नाण्यांवर आणि राष्ट्रीय पदकांवर जी सिंहमुद्रा असते ती याच अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरून घेतली आहे. त्याचे मुख नव्हे, तर त्याने उभारलेले चिन्ह राष्ट्राने स्वीकारले, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

सातवाहनांनंतर दख्खनच्या धातूवरून माणसाचे मुख जवळजवळ नाहीसे झाले. बहमनींच्या नाण्यांवर पदव्या, नाव, हिजरी वर्ष आणि टांकसाळीचे नाव असे. गुलबर्गा तेथे अहसनाबाद म्हणून येते आणि बिदर मुहंमदाबाद म्हणून. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे आहेत. ज्याच्या मुखाचे चित्र आज घरोघर आहे, त्याने स्वतःच्या नाण्यावर आपले मुख घातले नाही. आपले नाव आणि आपले पद घातले, आणि तेही नागरी अक्षरांत. निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या हाती जो हाली सिक्का असे, त्या रुपयावर चारमिनार होता आणि त्याच्या कमानीत राजाच्या नावाचे आद्य अक्षर. तेथेही मुख नव्हते. यामागे काही ठिकाणी धर्माचा संकेत असेल, काही ठिकाणी केवळ परंपरा असेल; परंतु परिणाम एकच, की कित्येक शतके आमच्या लोकांनी राजास धातूवर वाचले, पाहिले नाही.

मुख परत आले ते इंग्रजांबरोबर. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडले. त्या विजयाचे पदक कंपनीने बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत करविले आणि ते १८०८ साली वाटले. वरिष्ठांस सोन्याचे, त्याखालच्यांस रुप्याचे, त्याखालच्यांस ब्राँझचे आणि शिपायांस कथिलाचे, अशी त्याची हुद्द्याप्रमाणे उतरंड होती. त्यावर टिपूचे मुख नाही. सिंहाच्या पंजाखाली चिरडलेला वाघ आहे, कारण वाघ हे टिपूचे चिन्ह होते. जोगळटेंभीच्या नाण्यांची येथे आठवण होते. पुढे राणीचे आणि राजाचे मुख रुपयापासून पैशापर्यंत सर्व धातूंवर आले, आणि शाळेतील मुले ते मुख पाहूनच सरकार ओळखू लागली.

पदक कोणाच्या हातून घ्यावे, याचाही एक धडा या काळाने दिला. दक्षिण आफ्रिकेतील सेवेबद्दल १९१५ साली गांधीजींस कैसर-ई-हिंद सुवर्णपदक मिळाले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते आणि युद्धसेवेची आपली अन्य पदके व्हाइसरॉयांस परत केली. आणि त्याच पुरुषाच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्याच्या मुखाची नाणी काढली : दहा रुपयांचे रुप्याचे, रुपया आणि पन्नास पैशांचे निकेलचे, आणि वीस पैशांचे ॲल्युमिनियम-ब्राँझचे. ते पिवळसर वीस पैशांचे नाणे आमच्या बालपणी किराणा दुकानाच्या गल्ल्यात सहज दिसे. '१८६९–१९४८' हे आकडे आम्ही प्रथम वाचले ते इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, त्या नाण्यावर. सोन्याचे पदक परत करणाऱ्याचे स्मरण सामान्यांच्या हाती पोहोचले ते कांशाच्या जातीच्या नाण्याने, हे उचितच झाले.

त्यानंतर स्मारक-नाण्यांची परंपरा वाढत गेली. १९९९ साली शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले. २००६ साली महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपयांचे आणि शंभर रुपयांचे नाणे निघाले. बसवेश्वर हे कल्याणास बिज्जल राजाचे भांडारी होते. राज्याच्या कोशाची मोजदाद ज्याच्या हाती होती त्याचे मुख आठशे वर्षांनंतर नाण्यावर आले. ज्याने स्थावरापेक्षा जंगमास श्रेष्ठ मानले, त्याच्या स्मरणासाठी देवळात स्थिर राहणाऱ्या मूर्तीपेक्षा हातोहात फिरणारे नाणे अधिक शोभून दिसते, असे आम्हांस वाटते.

पण येथेच आमच्या बैठकीतील अडचण उभी राहते. बसवेश्वरांचे समकालीन चित्र नाही. त्यांच्या जन्मवर्षाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. शिवछत्रपतींची समकालीन चित्रे आहेत. पण तीही निश्चित होण्यास काळ लागला. दुसऱ्याच कोणाचे चित्र त्यांचे म्हणून दीर्घकाळ चालत होते. ती चूक दाखवून वा. सी. बेंद्रे यांनी डच लोकांच्या संग्रहातून आलेले चित्र उजेडात आणले. जन्मतिथीचेही तसेच. १९२७ साली महाराष्ट्राने शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी केली ती १६२७ हे वर्ष धरून. त्याआधीच, १९१६ साली, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आली होती, आणि पुढे तीच मान्य झाली. पुस्तकातील चूक दुसऱ्या आवृत्तीत सुधारता येते. धातूवर ठोकलेल्या वर्षास दुसरी आवृत्ती नसते.

हे आम्ही केवळ ग्रंथाधारे म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने शहरातील एका दुकानातून पारितोषिकांसाठी पदके करून आणली. त्यांवर एका थोर पुरुषाचे मृत्युवर्ष चुकीचे पडले होते. नमुना आम्ही स्वतः पाहून संमत केला होता. सबब दोष दुकानदाराइतकाच आमचाही. समारंभ झाल्यावर चौथ्या दिवशी आठवीतील एक मुलगी आपले पदक घेऊन आमच्यापुढे उभी राहिली आणि भीत भीत म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात वेगळे वर्ष आहे." आम्ही तिला शाबासकी दिली, पण ती देताना मान वर करणे आम्हांस जड गेले. पदके परत मागविली, निम्मीच आली. उरलेली अजून कोणाच्या तरी कपाटात, चुकीच्या वर्षासह, आमच्या शाळेचे नाव मिरवीत आहेत. इतिहासाच्या शिक्षकास याहून मोठी शिक्षा कोणती?

या सर्व विचारानंतर आम्ही बैठकीपुढे एक साधा नियम ठेवला. ज्याचे छायाचित्र किंवा समकालीन विश्वसनीय चित्र आहे, त्याचे मुख पदकावर घालावे. ज्याचे नाही, त्याचे नाम आणि त्याच्या कार्याचे चिन्ह घालावे. आणि वर्ष तेवढेच घालावे, जेवढे निश्चित आहे. हा नियम आमच्या प्रदेशाने आम्हांस शिकविला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. कारण शिवराईपासून ताम्रपटापर्यंत त्याने नामासच अधिक मान दिला आहे. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्वातंत्र्यसैनिकांस जे सन्मानाचे ताम्रपट देण्यात आले, त्यांवरही मुख नव्हते, नाव होते. आमच्या भागातील घरांच्या भिंतींवर ते आम्ही पाहिले आहेत. पाहुण्यास ते दाखविताना नातवंडे आजोबांच्या नावावरून बोट फिरवितात.

या नियमाने निवड सुकर झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांची छायाचित्रे आहेत, त्यांच्या तिथी निश्चित आहेत : १९०३ ते १९७२. त्यांचा जन्म आज कर्नाटकात असलेल्या भागातला, कर्मभूमी मराठवाडा. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईस ते मुख्याध्यापक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले, तुरुंगवास भोगला. आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याने त्यांस लोकसभेत पाठविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेल्या बिदरचा आणि गुलबर्ग्याचा बहुतांश भाग म्हैसूर राज्यात. नकाशावर रेषा पडली, पण स्वामीजींचे चरित्र त्या रेषेने दुभंगत नाही. शिवछत्रपती आणि बसवेश्वर यांची नावे सुचविणाऱ्या दोन्ही सभासदांनी हे नाव मान्य केले. त्यांच्या आग्रहास मान देऊन पुढील दोन वर्षी शिवराईच्या धर्तीवर केवळ अक्षरांचे एक पदक आणि बसवेश्वरांच्या नामाचे एक पदक काढावे, असेही ठरले.

स्वामीजींच्या पदकाच्या मागील बाजूस त्यांचे नाव दोन लिपींत असावे, एक नागरी आणि दुसरी कन्नड, असे आम्ही सुचविले. काही मंडळींस ते प्रथम रुचले नाही. मराठी शाळेच्या पदकावर कन्नड कशाला, हा प्रश्न सीमाभागातील माणसाच्या तोंडी यावा यात नवल नाही. आमचीही काही दुखणी आहेत. तेव्हा आम्ही सातवाहनांच्या त्या नाण्याचे चित्र त्यांच्यापुढे ठेवले आणि अठराशे वर्षांपूर्वीच्या राजाने जे केले ते करण्यास आपण का कचरावे, एवढेच विचारले. ठराव संमत झाला.

ठसा करावयास देण्यापूर्वी मजकूर तपासण्याचे काम आम्ही एका समितीकडे सोपविले आहे. चुकलेले वर्ष दाखविणारी ती मुलगी आता याच शाळेत इतिहास शिकविते. ती या समितीची पहिली सभासद आहे.